बिनगव्हाची सातारा सहल

सांगलीहून साताऱ्याला सकाळी निघालेला माणूस जेवणाच्या आत पोचतो. आम्हाला पोचायला सव्वा वर्ष लागलं.

माझी मुलगी सई सात वर्षांची आहे. सव्वा वर्षापूर्वी तिला सीलिॲक असल्याचं निदान झालं. म्हणजे गव्हाचा कण जरी पोटात गेला तरी तिच्या आतड्याला इजा होते. पोळी, पाव, रवा, मैदा, शेवया, बिस्किटं सगळं बंद, आणि तेही जन्मभरासाठी. निदान होण्याआधीचं वर्ष आठवलं की अजून नको वाटतं. पोट धरून बसायची, वजन वाढत नव्हतं, वर्गाच्या रांगेत सगळ्यांत बुटकी म्हणून पुढं उभी असायची. गहू बंद केला आणि ज्वारी-तांदळावर पोर महिन्याभरात टवटवीत झाली. पण तेव्हापासून आम्ही सांगलीबाहेर एकदाही मुक्कामाला गेलो नव्हतो. लग्नाला गेलं तरी अक्षता टाकायच्या आणि पंगत बसायच्या आत घरी यायचं.

तिच्या वर्गातल्या मुली साताऱ्याजवळच्या एका थीम पार्कला जाऊन आल्या होत्या. "आई, तिथं एक जहाज आहे, ते खरंच डोलतं," एवढंच सई म्हणाली. जाऊया का, असं तिनं विचारलं नाही. तिनं विचारणं सोडलंय, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

जानेवारीत माझा नवरा संपत सुट्टीवर आला. तो फौजेत हवालदार आहे, मूळचा इस्लामपूरजवळचा. सईचं निदान झालं तेव्हा तो सीमेवर होता. त्यानं सगळं फोनवरच ऐकलेलं. घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी म्हणाला, "पोरगी काय काचंची हाय व्हय? चला जाऊ. लय दिवस झालं, मला पण पोरांबरोबर हिंडायचंय."

जोडून सुट्ट्या येत होत्या. ठरलं.

सांगली: तयारी

मी औषधाच्या दुकानात काम करते. बारीक अक्षरातलं लेबल वाचणं हा माझा धंदाच आहे, त्यामुळे तयारी मी माझ्या पद्धतीनं केली. आधी पार्कला फोन लावला. पलीकडची मुलगी फार गोड बोलणारी होती.

"जैन जेवण मिळेल मॅडम. उपवासाचंही मिळेल."

मी म्हटलं, "उपवासाचं जवळजवळ चालेल. पण ज्या तेलात कचोरी तळलीय त्याच तेलात साबुदाणावडा तळलेला नको."

"अच्छा, कडक उपवास आहे का मुलीचा?"

मी हसले, पण पोरीचं काही चुकलं नव्हतं. आपल्याकडे माणूस अमुक खात नाही म्हटलं की कारण देवाचंच असणार, असं धरून चालतात. मी आजार समजावून सांगितल्यावर तिनं फोन सरळ स्वयंपाकघरात दिला. एक जाड, सावकाश आवाज आला.

"बोला ताई. यासीन बोलतोय, इथला मुख्य आचारी. हिंग चालतो का पोरीला?"

मी खुर्चीत नीट बसले. सव्वा वर्षात हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. बाजारातल्या डबीतल्या हिंगात बऱ्याचदा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं, हे मला स्वतःलाच दोन महिन्यांनी कळलं होतं.

"नाही चालत," मी म्हटलं. "तुम्हाला कसं ठाऊक?"

"आखातात बारा वर्षं हॉटेलात होतो. तिकडं असल्या पाहुण्यांची भांडी निराळी असत्यात. तुमी या बिनघोर. फकस्त पीठ तुमचं आणा, आमच्या गिरणीचा भरवसा मी देणार न्हाई."

'सगळं मिळेल' म्हणणारे मला पुष्कळ भेटले होते. 'भरवसा देणार नाही' म्हणणारा पहिला. मी त्याच क्षणी सातारा शहरात खोली नक्की केली.

मग सामान. घरच्या घरघंटीवर दळलेलं ज्वारीचं आणि तांदळाचं पीठ, छोटी परात, तवा, उलथनं, डॉक्टरांचं पत्र, आणि मोठा डबा भरून चुरमुऱ्यांचं भडंग. सांगलीचा माणूस भडंगाशिवाय गावाबाहेर पडत नाही. आमचं भडंग बिनहिंगाचं, एवढाच फरक. संपत सामानाकडे बघून म्हणाला, "आमची तुकडी डोंगरात जाती तवा एवढं रेशन न्हेत न्हाई."

इस्लामपूर, कराड, सातारा

इस्लामपूरपर्यंतचा रस्ता उसाच्या ट्रॅक्टरमागून. आमचा धाकटा, चार वर्षांचा ओम, ट्रॉल्या मोजत होता. त्याला वीसपर्यंतच येतं, त्यामुळे तो पुन्हा एकपासून सुरू करायचा. कारखान्याच्या मळीचा वास आला की संपत काच खाली करतो. आम्ही नाक धरतो, तो म्हणतो, "गावाचा वास हाय ह्यो." गावात मात्र थांबलो नाही. थांबलो असतो तर जेवल्याशिवाय सुटका नव्हती, आणि सासूबाईंच्या पाटीत पोळ्या असणारच.

साताऱ्यात शिरलो आणि सपाट सांगलीची सवय असलेले माझे पाय गोंधळले. इथं भाजी आणायला निघालं तरी चढ. आम्ही सांगलीत पत्ता सांगताना नदी धरतो: घाटाच्या अलीकडे, पुलाच्या पलीकडे. इथं किल्ला. खोलीचा रस्ता विचारला तर एक आजोबा म्हणाले, "अजिंक्यताऱ्याकडं त्वांड करा, आन् डाव्या हाताला वळा." शहरात कुठूनही किल्ला दिसतो, त्यामुळे पाहुणा चुकत नाही. मला ही सोय फार आवडली. आमची कृष्णा पुराच्या दिवसांतच घरापर्यंत येते. यांचा किल्ला रोजच खिडकीत.

थंडी मात्र आमच्यापेक्षा जास्त. ओमनं झोपताना टोपी काढू दिली नाही.

पार्क

फाटकावर पिशव्या तपासतात आणि बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत. हे आधी माहीत होतं, म्हणून डॉक्टरांचं पत्र मी हातातच धरलं होतं. तपासणीला एक बाई होत्या, पन्नाशीच्या, खाकी साडीतल्या. त्यांनी परात बाहेर काढली, तवा बाहेर काढला, मग माझ्याकडे बघितलं.

"संसार मांडायचाय व्हय आत?"

मी डॉक्टरांचं पत्र दिलं. त्यांनी ओठ हलवत सगळं वाचलं.

"गव्हाची बंदी? मग पोरगी जगती कशावर?"

"ज्वारीवर, तांदळावर."

"मग बरंय की! आमीबी त्याच्यावरच वाढलो." त्यांनी सईच्या गालाला हात लावला, सगळं सामान जसं होतं तसं पुन्हा पिशवीत लावलं आणि यासीनभाईंना निरोप धाडला.

पार्काबद्दल मला खरं सांगायचं तर जरा शंका होती. सिमेंटचे हत्ती आणि फुटके पाळणे असतील असं वाटलं होतं. पण माणसांनी मनापासून उभारलेली जागा लगेच कळते. दारातच दगडी बुरूज, वर भगवे झेंडे, आत शिरताना तुतारीचा आवाज. छोटी आगगाडी एका तळ्याला वळसा घालते, आणि बोगद्यात शिरताना सगळी मुलं एकदम ओरडतात. ओम त्या गाडीत चार वेळा बसला आणि चारही वेळा बोगद्यात मला घट्ट धरून होता. रांगेत सावलीला कापड लावलेलं, प्यायच्या पाण्याला ठिकठिकाणी नळ, आणि लहान मुलांच्या नळांची उंची लहान मुलांच्या तोंडाएवढी. लहान पोरं घेऊन हिंडणाऱ्यांना यातलं सुख समजेल.

आरशांच्या खोलीत सई एका आरशासमोरून हलेना. त्यात माणूस बांबूसारखा लांबडा दिसायचा.

"आई, बघ, मी केवढी उंच!"

"होशील," संपत म्हणाला. "माझी पोरगी हाय."

दुपारी यासीनभाई स्वतः आम्हाला शोधत आले. पांढरी टोपी, मेंदी लावलेली दाढी, खांद्यावर स्वच्छ पंचा. मला म्हणाले, "ताई, आत येऊन बघून घ्या. बघितल्याबिगर आईच्या गळ्याखाली घास उतरत न्हाई."

त्यांनी खिडकीजवळचा एक ओटा सकाळीच घासून मोकळा ठेवला होता. पोळ्यांची शेगडी दुसऱ्या टोकाला, तिथलं पीठ उडून इकडे येणार नाही एवढ्या अंतरावर. माझा तवा त्यांनी धुतला, पुसला, पुन्हा धुतला. पिठल्यासाठी बेसनाचा पुडा कुठं दिसेना.

"विकतच्या बेसनात काय काय मिसळलेलं असतंय, कोण सांगणार? म्हणून हरभऱ्याची डाळच निवडून मिक्सरला काढली. मिक्सरचं भांडं नवं हाय."

तांदळाची भाकरी त्यांनी माझ्यापेक्षा पातळ थापली. मी बाजूला उभी राहून बघत होते. दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात मी सव्वा वर्षात पहिल्यांदाच हात मागे बांधून उभी होते.

ताट टेबलावर आलं. भाकरी, पिठलं, बटाट्याची भाजी, वरण-भात, तूप. सई ताटाकडे आणि मग माझ्याकडे बघत राहिली. बाहेर गेलो की तिच्यापुढे नेहमी डबा उघडला जायचा. ताट इतरांना यायचं.

"हे सगळं माझं?"

"सगळं तुझंच, बेटा," यासीनभाई म्हणाले.

"तुमच्या हिंगात गहू आहे का?"

"हिंगच न्हाई घातला."

मग ती जेवली. भाताचा ढीग करून मध्ये तुपाचं तळं करून, बोटं चाटत. ओमनं स्वतःच्या पोळीकडे दुर्लक्ष करून तिची भाकरी मागितली. मी पाणी प्यायच्या निमित्तानं मान वळवली.

इथवर सगळं इतकं छान झालं होतं की मी सैल झाले. जेवण झाल्यावर ओमला घेऊन हात धुवायला गेले. नळाशी रांग होती. परत आले तेव्हा संपत आणि सई आईसक्रीमच्या गाडीजवळच्या बाकावर बसले होते. दोघांचे पाय एका लयीत हलत होते. आधी तेच दिसलं आणि बरं वाटलं. मग सईच्या हातातला कोनाचा कागद दिसला. रिकामा.

"सई, कोन खाल्लास?"

तिनं मान खाली घातली.

"मी दिला," संपत म्हणाला. "आईसक्रीम दुधाचं असतंय की."

"आणि कोन कशाचा असतो?"

त्यानं सईच्या हातातला कागद घेऊन उलगडून बघितला. मग मलाही आणि स्वतःलाही समजावत म्हणाला, "एवढ्याशानं काय हुतंय गं?"

"तुम्ही बघितलं नाही ना कधी, म्हणून विचारता," मी म्हणाले. जवळच्या बाकावरची माणसं वळून बघायला लागली, तेव्हा कळलं की माझा आवाज किती चढला होता. संपतनं कागदाची बारीक घडी केली आणि खिशात ठेवली.

जहाजाच्या रांगेत आम्ही मुलांना मध्ये घेऊन उभे राहिलो. जहाज खरोखर सुंदर होतं, लाल शिडाचं, या टोकाला पोचलं की आभाळात गेल्यासारखं. आमचा नंबर यायला एकच फेरी उरली असताना सईनं माझा हात घट्ट धरला. तिचा तळवा गार पडला होता.

"आई, पोट."

मग तिला उलट्या सुरू झाल्या. संपतनं तिला उचललं आणि प्रथमोपचाराच्या खोलीकडे पळाला. तिथल्या नर्सबाईंनी एकही फालतू प्रश्न न विचारता तिला आडवं केलं. मी सांगलीच्या डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, मीठ-साखरेचं पाणी घोट-घोट देत राहा, थांबलं नाही तर लगेच दवाखान्यात न्या. तासभर ती पोट धरून मुडपून पडली होती. संपत गुडघ्यांवर बसून तिच्यापुढे भांडं धरून होता.

"असं हुतंय व्हय हिला?" त्यानं हळू विचारलं. "दर खेपेला?"

मी मान हलवली.

बातमी कळल्यावर यासीनभाई तांदळाची पातळ पेज घेऊन आले. उलट्या तोवर थांबल्या होत्या. त्यांनी वाटी नर्सबाईंकडे दिली आणि संपतच्या शेजारी जमिनीवरच बसले.

"साहेब, माझ्या हातनं झालंय असं. तिकडं असताना एका पोराच्या सुपात मैदा लावला. दाट करायला लावत्यात ना, हात आपोआप गेला. त्या पोराची आई मला काईच बोलली न्हाई. ती बोलली असती तर बरं झालं असतं."

संपत म्हणाला, "ही बोलली मला."

"मग नशीबवान हायसा."

साताऱ्यातला मोकळा दिवस

दुसऱ्या दिवशीही पार्कला जायचा बेत होता, तो अर्थातच मोडला. सकाळी सई उठली तेव्हा चेहरा उतरलेला, पण पोट दुखत नव्हतं. ती आणि ओम पांघरुणाचा बोगदा करून आगगाडी खेळत बसले. आम्ही दोघं बाहेर गॅलरीत बसलो. समोर किल्ला, त्याच्या कड्यावर कोवळं ऊन.

संपत म्हणाला, "पहिल्यापासनं सांग. काय काय झालं हुतं?"

मी सांगितलं. वर्षभर किती डॉक्टर झाले, एकदा ती शाळेत चक्कर येऊन पडली ते, तपासणीसाठी नळी घातली तेव्हा ती कुणाला हाका मारत होती ते. तो ऐकत होता. एका ठिकाणी म्हणाला, "फोनवर तर तू म्हणायचीस, सगळं ठीक हाय."

हे खरं होतं. त्याला तिथून काही करता येणार नाही, उगाच घोर कशाला, म्हणून मी प्रत्येक फोन 'ठीक आहे'वर संपवायचे. आजाराचं नाव सांगितलं होतं, आजार सांगितलाच नव्हता. मग त्याला कोनाचं कळावं कसं? काल बाकावर मी ज्या आवाजात बोलले त्याची मला लाज वाटली, आणि तसं मी त्याला सांगितलंही. त्यानं नुसतं माझ्या हातावर हात ठेवला.

दुपारी पार्काची गाडी शहरात भाजीला आली होती, तिच्याबरोबर यासीनभाईंनी मुगाच्या खिचडीचा डबा पाठवला. झाकणावर कागद चिकटवलेला: 'हिंग नाही. भांडं निराळं.' आम्ही त्यांचे कोण होतो?

संध्याकाळी सई चालू लागली म्हणून पेढे घ्यायला गेलो. साताऱ्यात जाऊन कंदी पेढा न घेणं शक्यच नाही, आणि पेढा म्हणजे नुसता खवा-साखर, तो तिला चालायला हवा. आमच्याकडे सांगलीत 'चालतं हो, काही नसतं त्यात' म्हणून पुडा पुढे सरकवतात. इथं गल्ल्यावरच्या म्हाताऱ्या दुकानदारांनी सगळं ऐकून घेतलं. या वेळी बोलत होता संपत, मी नव्हे.

"पेढ्यात मैदा न्हाई," ते म्हणाले. "पण आवं, ह्या परातीत सकाळी बालूशाही हुती. ह्यातला मी पोरीला देणार न्हाई. उद्या सकाळी या. कढईतनं निघाल्या निघाल्या पहिलाच घाणा बांधून देतो."

समोर आलेलं गिऱ्हाईक, म्हणजे आम्हालाच, त्यांनी त्या दिवशी परत पाठवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दार उघडायच्या आधी हजर होतो. पेढा कोमट होता. सईनं तो दोन्ही हातांत धरून खाल्ला.

औंध

परतीला महामार्ग सोडून रहिमतपूरवरून औंध गाठलं. संपतच्या तुकडीतल्या मित्राची आई तिथं राहते, तिला सगळे आक्का म्हणतात. लेक सीमेवर असल्यानं त्याचा मित्र म्हणजे लेकच. आम्ही पोचलो तेव्हा त्या दारातच उभ्या होत्या.

संपतनं चपला काढायच्या आधी सुरुवात केली. "आक्का, पोरीला गहू चालत न्हाई. कण सुदिक न्हाई. गव्हाचा हात लागलेलं बी न्हाई. भाकरीसाठी पीठ आमी आणलंय."

आक्कांनी विचार केला. "बरं केलंस सांगितलंस. आमची जवारी गिरणीत गव्हामागं दळती, ती काय कामाची? पण पाव्हण्यांनी पीठ घिऊन यायचं, ही कुठली रीत? चला मळ्यात. पीठच नको आज."

आणि त्या आम्हाला शेतात घेऊन गेल्या. ज्वारी हुरड्याला आली होती. गोवऱ्यांचे निखारे पेटवले, हिरवी कणसं त्यात खुपसली, आणि गरम कणीस तळहातावर चोळून त्यांनी सईच्या ओंजळीत हिरवेगार दाणे टाकले. ना गिरणी, ना परात, ना तवा. सोबत गूळ, दही, शेंगदाण्याची चटणी. आमच्या बाजूला ऊस इतका झालाय की हुरड्याला शेत शोधावं लागतं. इथं नजर जाईल तिथवर ज्वारी डुलत होती. मी सव्वा वर्ष या धान्याकडे औषध म्हणून बघत आले होते. त्या दिवशी मला त्याची चव लागली. सईनं बेतानंच खाल्लं, पण "अजून" म्हणाली, आणि आक्कांनी आपल्या पोळलेल्या हातांनी पुन्हा कणीस चोळायला घेतलं.

उतरत्या दुपारी यमाईच्या डोंगरावर गेलो. पायऱ्या बऱ्याच आहेत. सई अजून अशक्त होती म्हणून संपतनं तिला पाठुंगळी घेतलं. ओमला माझ्या हाताला लावून मी मागून चालत होते. वर देवीची काळी, मोठी, डोळ्यांत तेज असलेली मूर्ती. गाभाऱ्यात गार वाटतं आणि आपोआप आवाज खाली येतो. बाहेर तटावरून खालचं गाव, तळं, आणि पार माळापर्यंतची शेतं दिसतात. वारा अंगाला झोंबत होता, पण तिथून उठावंसं वाटेना.

आम्ही तटाच्या आडोशाला बसलो. संपतनं सईला मांडीवर घेतलं आणि विचारलं, "तुला ठावं हुतं का गं, कोन गव्हाचा असतोय?"

"हो."

"मग मला नको का म्हणाली न्हाईस?"

सई त्याच्या स्वेटरचं बटण फिरवायला लागली.

"आईला नको म्हणता येतं," ती म्हणाली. "आई कुठं जात नाही ना."

ओम शेजारी खडे वेचत होता.

संपतनं तिचा चेहरा आपल्याकडे वळवला. "ऐक. मी जातो ते नोकरीपायी. तू नको म्हणालीस म्हणून म्या कधी जाणार न्हाई. समजलं? आता म्हण बघू. नको."

"नको."

"ह्यो आवाज? हितनं खालच्या तळ्यापतोर ऐकू गेला पायजे." त्यानं एक वाळकं पान तिच्यापुढे धरलं. "घे, खा."

"नको!"

"दगड?"

"नको!"

"माझी मिशी?"

"नको, नको, नको!" ती हसत सुटली. ओमला खेळ समजला आणि तोही कुणी काही देत नसताना नको-नको ओरडायला लागला. दर्शनाला आलेली एक म्हातारी थांबून म्हणाली, "काय देतायसा एवढं पोरास्नी?" आणि हसत पुढे गेली.

ऊन कलायला लागलं. पुढं पुसेसावळी, विटा, तासगाव करत सांगली गाठायची होती. संपत उठला, पायरीवर खाली बसला आणि त्यानं पाठ तिच्याकडे केली. "चल, चढ. लय पायऱ्या हायत."

सईनं त्याच्या पाठीकडे बघितलं.

"नको," ती म्हणाली. अगदी साध्या आवाजात.

आणि कठड्याला एक हात लावून, एकेक पायरी मोजत, ती आमच्या पुढे उतरायला लागली. संपत तसाच वाकून बसला होता, हात मागे पसरलेले. मग तो उठला आणि तिच्या मागून, एका पायरीचं अंतर ठेवून, शेवटपर्यंत चालत आला.